मुक्काम कुठे टाकावा?

सहलीचे दिवस आले की शाळाशाळांतून एकच विचार सुरू होतो. कुठे जायचे, काय काय बघायचे, माणशी वर्गणी किती पडेल? गावातली चार घरे मिळून गाडी ठरवतात, तिथेही बोलणे हेच. भीमाशंकर करू, येता येता लेण्याद्री-ओझर करू, शिवनेरीला जाऊन येऊ. यादी झटकन तयार होते. पण रात्री पाठ कुठे टेकायची, हा प्रश्न मात्र शेवटी येतो. पुष्कळदा तर अंधार पडल्यावर, गाडीत बसूनच येतो. मग ‘कुठेतरी बघू’ असे म्हणत पन्नास माणसांची गाडी अनोळखी रस्त्यावर जागा हुडकीत फिरते. आज मला याच शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलायचे आहे. तो शेवटचा नाही, पहिला आहे. दिवस कसा गेला हे आपण आठवणीत ठेवतो. पण सहल सुखरूप परत आली की नाही, ते बहुतेक वेळा मुक्कामाच्या जागेवर ठरते.

उदाहरणाला भीमाशंकरचीच वाट घेऊ. पुणे-नाशिक रस्त्याने मंचरपर्यंत यावे, तिथून घोडेगाव, डिंभे असे करीत साठ-पासष्ट किलोमीटर वर चढत जावे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी हे एक. इथेच भीमा उगम पावते. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतून वाहणाऱ्या घोड आणि कुकडी या नद्याही शेवटी तिलाच मिळतात. कुकडी घोडेला मिळते, घोड भीमेला. आणि पंढरपूरला जी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा म्हणवते, ती हीच भीमा. ही गोष्ट मुलांना नकाशावर दाखवाच. पुढे मला तिची गरज पडणार आहे.

आता पहा, मुक्काम हलवीत प्रवास करणे आपल्याला नवे नाही. पंढरीची वारी हे तर त्याचे मोठे विद्यापीठ आहे. दिंडीचा ट्रक पुढे जातो, पाण्याचा टँकर पोचतो, तंबू उभे राहतात, चुली पेटतात आणि मग माणसे येतात. कोणत्या दिवशी कोणत्या गावी राहायचे, कोणत्या दिंडीने कोणत्या रानात उतरायचे, हे ठरलेले असते. मेंढरे घेऊन निघालेला धनगरही वाडा कुठे बसवायचा ते दिवस मावळण्याआधी बघून ठेवतो. पाणी किती लांब, जमीन ओली की कोरडी, रानाचा मालक कोण, लांडग्याची वाट कुठली, हे सगळे तो विचारतो. आपण मात्र मोटारीत बसलो की हे शहाणपण घरी ठेवून येतो.

परदेशात काय करतात, तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १८७२ साली यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान झाले. आज तिथल्या सार्वजनिक उद्यानांत मुक्कामाचे तळ आखलेले असतात. लोक चाकांवरचे घर घेऊन, म्हणजे झोपायची जागा, चूल आणि संडास असलेली मोटार घेऊन येतात. प्रत्येक जागेला क्रमांक असतो. किती लांबीची गाडी तिथे मावेल ते आधीच लिहिलेले असते. पुष्कळ ठिकाणी जागा कित्येक महिने आधी राखून ठेवावी लागते. अस्वलांच्या मुलखात अन्न ठेवायला लोखंडी पेट्या असतात, आणि गाडीतले मैलापाणी कुठे रिकामे करायचे तेही ठरलेले असते. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये अशा गाडीघरांसाठी कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि त्याआधी २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे. तेव्हा अशी गाडी उद्या तुमच्याही गावच्या रस्त्याला दिसेल. पण गाडीघर असो की एस.टी.ची बस असो, मुक्कामाची जागा पारखण्याचे प्रश्न तेच आहेत. ते पाच आहेत, बोटांवर मोजून घ्या: जमीन, पाणी, परवानगी, घाण आणि रात्र.

पहिला प्रश्न जमिनीचा. जागा सपाट आहे, एवढे पुरत नाही. तिच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, ते बघावे. भीमाशंकरच्या या वाटेवर, डिंभे धरणाच्या पाण्यापलीकडे, माळीण नावाचे गाव होते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी, मुसळधार पावसात डोंगराचा कडा सुटला आणि गाव चिखलाखाली गेले. १५१ माणसे मृत्यू पावली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला ही बातमी कळली. पुढे वाचलेल्या लोकांसाठी नवे गाव वसवावे लागले. २०२३ च्या जुलैत रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर अशीच दरड कोसळली, आणि तीही रात्री. श्रोते हो, ही माणसे तर पिढ्यान्‌पिढ्या त्या डोंगरात राहणारी होती. मग एका रात्रीपुरते येणाऱ्या आपल्यासारख्यांनी किती जपले पाहिजे!

म्हणून साधा नियम करा. जून ते सप्टेंबर या दिवसांत सह्याद्रीच्या उताराखाली मुलांचा रात्रीचा मुक्काम करू नये. पावसाळ्यात बघायला जायचे तर दिवसा जावे आणि मंचर-नारायणगावसारख्या मोकळ्या मुलखात झोपायला यावे. इतर दिवसांतही उताराला पडलेल्या भेगा, एका बाजूला कललेली झाडे, भिंतींना नव्याने गेलेले तडे दिसले, की ती जागा सोडावी. ओढ्याच्या पात्रातली वाळू अंथरुणासारखी मऊ असते. पण वर कुठे पाऊस पडला तर पाणी आपल्याला विचारून येत नाही. धरणाच्या काठाचेही तसेच. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचे नाव आहे. बाबू गेनू याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. १९३० साली मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे त्यांनी देह ठेवला. ते पाणी मुलांना दाखवावे, ही कथा सांगावी, पण काठावर उतरू नये. पाणी ओसरल्यावर उघडी पडलेली सपाट जमीन वरून कोरडी आणि आत गाळाची असते. आणि पोहता येते म्हणणारी मुलेच पाण्यात आधी शिरतात, हे शिक्षकांना मी सांगायला नको.

दुसरा प्रश्न पाण्याचा. इथे थोडे गणित करू. गुरुजींनी हे उदाहरण वर्गात फळ्यावर घालावे. संकटकाळातल्या छावण्यांसाठी जगभर एक किमान हिशेब मानतात: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी आणि वीस माणसांमागे एक संडास. आपली सहल पन्नास जणांची धरली तर दिवसाला ७५० लिटर पाणी आणि तीन संडास हवेत. हा हिशेब आंघोळीची चैन धरून नाही बरं का, अगदी गरजेपुरता आहे. मग ज्या गावी उतरणार, तिथे एवढे पाणी आहे का? भीमाशंकरच्या डोंगरात पावसाळ्यात शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो, आणि चैत्र-वैशाखात त्याच डोंगरातल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करतात. पाणी सगळे उतारावरून धावून जाते, खडकात मुरत नाही. अशा दिवसांत आपण पन्नास जण जाऊन गावची टाकी रिकामी करणार असू, तर ती सहल नव्हे, धाड झाली. मार्चनंतर जायचे तर पाणी आपल्याबरोबर न्यावे, किंवा तालुक्याच्या गावी राहावे. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, ते अंथरूण दुसऱ्याचे असले तर अधिकच पाहावे.

तिसरा प्रश्न परवानगीचा. ‘रान काय, देवाचे आहे’ असे आपण सहज म्हणतो. पण या रानाला मालक आहे, कायदा आहे. भीमाशंकर हे अभयारण्य आहे. सुमारे १३० चौरस किलोमीटरांचे हे रान १९८० नंतरच्या दशकात राखले गेले, ते मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू म्हणजे आपली मोठी, तांबूस, झुबकेदार शेपटीची झाडावरची खार. तीच महाराष्ट्राचा राज्यप्राणी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात मनाला येईल तिथे शिरता येत नाही, विस्तव लावता येत नाही, प्राण्यांना त्रास देता येत नाही आणि कचराही टाकता येत नाही. तेव्हा रानात तंबू ठोकून शेकोटी करण्याचा बेत असेल, तर तो आजच मोडून टाका. वन खात्याच्या कचेरीत जाऊन विचारा. राहायला कुठे परवानगी आहे, कुठे नाही, ते आधी लेखी घ्या.

देवराईत तर पायरीवरच थांबावे. आहुप्याच्या बाजूला आणि या डोंगरात इतरत्रही महादेव कोळी समाजाने देवाच्या नावाने राने राखली आहेत. तिथली वाळकी फांदीसुद्धा घरी नेत नाहीत. कायदा नव्हता तेव्हापासून हा नेम आहे. आपण शहाणी म्हणवणारी माणसे तिथे चुलीसाठी लाकूड तोडू लागलो, तर मुले काय शिकतील?

मग राहावे कुठे? जागा पुष्कळ आहेत. ओझरला देवस्थानाचे भक्तनिवास आहे. माळशेज घाटात राज्याच्या पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे. तालुक्यात शेतावर राहण्याची सोय करणारे शेतकरी आहेत. डोंगरातल्या काही गावांत घरगुती मुक्काम आणि जेवण मिळते. पिठलं-भाकरी, इंद्रायणीचा भात, शेजेला घोंगडी. हिरडा गोळा करून आणि भात पिकवून राहणाऱ्या त्या घरांना चार पैसे मिळतात, आणि आपली मुले दोन शब्द शिकतात. आणि आपल्या शाळांना शाळा आहेतच. जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरायचे तर मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला महिनाभर आधी पत्र घालावे, ग्रामपंचायतीला प्रत द्यावी. नुसता ‘येतो’ म्हणून निरोप पाठवू नये. किती मुलगे, किती मुली, किती वाजता येणार, किती वाजता जाणार, स्वयंपाक कोण करणार, हे सगळे लिहावे.

चौथा प्रश्न बोलायला संकोच वाटतो असा आहे, म्हणूनच तो मोकळेपणाने बोलला पाहिजे. पन्नास माणसे सकाळी कुठे जाणार? मघाशी मी भीमेचे पाणी पंढरपूरपर्यंत नेऊन पोचवले, ते यासाठी. भीमाशंकरच्या उगमाशी जे टाकाल ते खाली जाते. मध्ये शेकडो गावे तेच पाणी पितात, आणि शेवटी वारकरी त्याच पाण्यात उभा राहून डोळे मिटतो. उगमाचे तीर्थ ओंजळीत घ्यायचे आणि शंभर पावलांवर ओढ्यात घाण करायची, ही कसली यात्रा? तेव्हा मुक्कामाची जागा ठरवताना संडास आधी बघा, गाभारा मग बघा. दार लागते का, आत पाणी आहे का, मुलींसाठी वेगळी सोय आहे का? यांतल्या एकाचे उत्तर ‘नाही’ आले तर जागा कितीही सुंदर असो, पुढे चला. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण रात्री जायला जागा नसते. हे शिक्षिकांना ठाऊक असते, पण बेत ठरवणाऱ्यांना ठाऊक नसते. अगदीच चर खणायची वेळ आली तर विहीर-ओढ्यापासून निदान तीस मीटर लांब, उताराच्या खालच्या अंगाला खणावा आणि निघताना मातीने बुजवावा. गाडीघर असेल तर मैलाटाकी कुठे रिकामी करायची ते घर सोडण्यापूर्वी ठरवा. घाटाच्या वळणावर तिचा बूच काढणारा माणूस डोंगरकुशीतल्या झऱ्यावर विष घालतो, दुसरा शब्द नाही. केरासाठी दोन पोती बरोबर ठेवा आणि ती भरून आपल्या गावी आणा.

पाचवा प्रश्न रात्रीचा. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा सगळा मुलूख आज बिबट्याचाही मुलूख आहे. धरणे झाली, पाटाचे पाणी आले, ऊस आला. उसात लपायला जागा आणि वस्तीत कुत्री-शेळ्या, मग बिबट्या डोंगरात कशाला राहील? तो उसातच राहू लागला, तिथेच त्याची पिल्ले होऊ लागली. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. या भागात माणसांवर हल्ले झाले आहेत, लहान मुले गेली आहेत. त्या घरांचे दुःख गंमतीने बोलण्यासारखे नाही. म्हणून इथे मुक्काम करताना उसाच्या शेताला लागून उतरू नये. उघड्यावर झोपू नये. अंधार पडल्यावर एकट्या मुलाला बाहेर पाठवू नये. जायचे तर मोठ्या माणसाबरोबर, बॅटरी घेऊन, बोलत जावे. ओणवे किंवा उकिडवे बसलेले माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे दिसते, हे लक्षात ठेवावे. उरलेले अन्न आणि हाडे आसपास टाकू नयेत. त्या वासाने कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. बिबट्या दिसला तर पाठलाग नको, दगड नको, फोटो तर नकोच. वन खात्याचा १९२६ हा क्रमांक फिरवावा.

बिबट्याची भीती सर्वांना वाटते, मण्यारीची कुणाला वाटत नाही. पण ती रात्री हिंडते, आणि जमिनीवर झोपलेल्याला तिचा दंश कित्येकदा कळतही नाही. त्यासाठी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी, बूट झटकून घालावेत, अंथरुणे भिंतीच्या फटींपासून दूर टाकावीत. दंश झालाच तर चिरणे, चोखणे, आवळून बांधणे यांत वेळ घालवू नये. माणसाला धीर द्यावा, हलू देऊ नये आणि गाडीत घालून दवाखाना गाठावा. म्हणून मुक्कामाची जागा ठरवताना दवाखाना किती मिनिटांवर आहे, हे वहीत लिहा. घोडेगावला ग्रामीण रुग्णालय आहे, मंचरला त्याहून मोठे आहे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. मात्र डोंगरात फोन लागेलच असे नाही. म्हणून गाडी एक, आणि चालक जागेवर, ही अट ठेवा. त्याला झोप पुरेशी मिळाली पाहिजे. गाडी सपाटीवर, तोंड रस्त्याकडे करून लावावी, चाकांमागे दगड ठेवावेत. रात्री कुणाला न्यायची वेळ आली तर तेव्हा गाडी वळवत बसायला नको.

आता हे पाच प्रश्न हाती धरून दोन रात्रींची सहल आखून बघू. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहिल्या दिवशी सकाळी नारायणगाव. तिथून खोडदला जावे. तीस प्रचंड रेडिओ दुर्बिणी, एकेकीचे तोंड ४५ मीटर रुंद, आकाशातले अस्फुट आवाज टिपीत उभ्या आहेत. डॉ. गोविंद स्वरूप यांनी त्या उभारल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे मोठे प्रदर्शन असते. एरवी जायचे तर आधी परवानगी विचारावी. दुपारी ओझर, आणि रात्र ओझरलाच. संडास, पाणी, पक्के छप्पर, सपाट जमीन, सगळे आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे शिवनेरी. शिवरायांचा जन्म १६३० सालचा. २०२५ मध्ये हा किल्ला मराठ्यांच्या इतर किल्ल्यांसह जागतिक वारशाच्या यादीत गेला. मग लेण्याद्री, आणि दिवस मावळायच्या आत मंचर किंवा घोडेगाव. दुसरी रात्र तिथे. वर भीमाशंकरला राहायचा मोह होतो, पण वर जागा थोडी, पाणी थोडे, गर्दी फार. त्यापेक्षा तिसऱ्या दिवशी पहाटे अंधारात उठून निघावे. शेकरू दिवसाचा प्राणी आहे. सकाळी गडबड नसताना तो फांदीवरून फांदीवर झेप घेताना दिसतो. झाडाच्या शेंड्याला काटक्या-पानांचे त्याचे घरटे दिसते. मुलांनी बोलायचे नाही, एवढीच फी.

दर्शनाला निघण्याआधी देवस्थानाकडे चौकशी करावी, कारण बांधकाम-दुरुस्तीमुळे वेळा बदलतात. शिखर नाना फडणवीसांच्या काळचे. जवळची मोठी घंटा चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयातली, म्हणजे १७३९ ची, असे सांगतात. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र हे दिवस सहलीने टाळावेत. त्या दिवसांत खासगी गाड्या अलीकडेच थांबवून पुढे एस.टी.ने नेतात. मुलांचा हात सुटला तर गर्दीत शोधणे कठीण. शाळेच्या सहलीला एस.टी. निम्मे भाडे सोडते, याचा लाभ जरूर घ्यावा. स्वस्तात मिळते म्हणून रात्रभर गाडी चालवायची आणि मुक्कामाचे पैसे वाचवायचे, हा हिशेब मात्र फार महाग पडतो.

शेवटी एक गोष्ट, आणि ती या भागातल्या ग्रामस्थांना उद्देशून. येणारे लोक वाटेल तिथे उतरतात, घाण करतात, ही तुमची तक्रार खरी आहे. पण त्यांना उतरायला ठरलेली जागा आहे का? दरडीपासून दूर, गावाजवळच्या सपाट जमिनीवर ग्रामपंचायतीने दहा-बारा गाड्यांची एक मोकळी जागा आखली, चार संडास बांधले, पाण्याची वेगळी टाकी ठेवली, एक दिवा लावला, केराचे पिंप ठेवले आणि गावच्या बचत गटाच्या बायांकडे जेवणाचे काम दिले, तर त्याला फार मोठे भांडवल नको. माणशी आणि गाडीमागे दर काय, हे एका पाटीवर मराठीत स्वच्छ लिहून लावा. ‘इथे उतरा’ ही पाटी असली म्हणजे ‘इथे उतरू नका’ ही पाटी लोक ऐकतात. पहिली नसताना दुसरी कुणी वाचीत नाही. आमदनी गावात राहील, रान स्वच्छ राहील, आणि रात्री अडलेल्या गाडीला दार सापडेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, यंदाची सहल ठरवाल तेव्हा एवढे करा. बघायच्या स्थळांची यादी मुलांना करू द्या. ती ते आनंदाने करतील. मुक्कामाच्या जागेची चौकशी मात्र दोघा शिक्षकांनी आधी स्वतः जाऊन करावी. दिवसा नव्हे, संध्याकाळी जावे. दिवे लागल्यावर जागेचे खरे रूप कळते. नळ सोडून बघा, दार लावून बघा, मान वर करून डोंगर बघा. आणि पाचांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मनाला पटले नाही, तर यादीतले एखादे स्थळ खुशाल गाळा, पण तिथे मुक्काम करू नका. राहिलेले स्थळ पुढल्या वर्षी बघता येते.